घडीवरची वाट

तारेचं कुंपण एका दिवसात उभं राहिलं. सकाळी आक्का मळ्यात गेली तेव्हा वाटेतल्या मोठ्या शेतात नुसते खड्डे खणलेले होते. कुणी खणले, कशाला खणले, हे विचारायला ती थांबली नाही. पालकाला पाणी द्यायचं होतं, आणि ऊन चढायच्या आत दिलं नाही तर पालक मान टाकतो. दुपारी जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती परत निघाली, तर खड्ड्यांत लोखंडी खांब आणि खांबांना पाच पदरी काटेरी तार. पलीकडे घराचं छप्पर दिसत होतं, दोरीवर वाळत टाकलेली तिची स्वतःची चादर दिसत होती. तिने तिथल्या मजुराला म्हटलं, बाबा, तार जरा उचल, मी वाकून निघते. तो म्हणाला, आजी, मला नका सांगू, साहेबांना सांगा. मग ती मागे फिरली, मळ्याच्या मागच्या अंगाने डांबरी रस्त्यावर आली, पूल ओलांडून, सगळ्या गावाला वळसा घालून घरी पोचली. एरवीच्या सात मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला, आणि पालकाने मान टाकायची ती टाकलीच.

पाटी उतरवायला तिने हाक मारली ती भावाला. हा तिचा धाकटा भाऊ म्हणजे रेघोटे. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण शहरातल्या नकाशा कचेरीत चौतीस वर्षं ट्रेसरचं काम केलं, जुन्या नकाशांवर मेणकापड पसरून रेघेवर रेघ ओढली, म्हणून गाव त्यांना रेघोट्या म्हणायचं. निवृत्त झाल्यावर गावाने मान म्हणून रेघोटे केलं, एवढीच काय ती बढती. घरात तीन माणसं: रेघोटे, त्यांची बायको आणि ही आक्का. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला तशी ती माहेरी परत आली. वडिलांनी मोठ्या शेतापलीकडचा मळ्याचा तुकडा आणि त्यातली विहीर तिच्या नावावर करून दिली. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून दिली, आणि तिनेही कधी बघितलं नाही. सदुसष्ट वर्षांची झाली तरी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वाफ्यांना पाणी तीच द्यायची.

पाणी प्यायल्यावर आक्का म्हणाली, "वाट अडवलीय. उद्या जाऊन त्या लोकांना नकाशा दाखव. सगळे नकाशे तर तुझ्याच हातचे."

"दाखवतो," रेघोटे म्हणाले. तेव्हा त्यांना खरंच तसं वाटलं होतं. वाट काही कालची नव्हती. त्यांच्या आजोबांच्याही आधीची होती आणि चौतीस वर्षं ते स्वतः त्याच वाटेने, मळ्याला लागून, बसच्या थांब्यावर गेले होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असंच कुणीही म्हणालं असतं.

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते कुंपणाच्या फाटकाशी गेले. मोठं शेत शहरातल्या एका कंपनीने घेतलं होतं. फाटकाजवळ पत्र्याची खोली होती, आत पंखा होता, आणि टेबलामागे तिशीतला एक मॅनेजर बसलेला होता. पोरगा वाईट नव्हता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, काका म्हणाला. रेघोट्यांनी वाटेचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की काका, कुणाची जायची वाट अडवायची आमची इच्छा नाही, पण कागदावर पाहिजे ना. असं म्हणून त्याने पाठीमागच्या भिंतीकडे हात केला.

भिंतीवर काचेच्या चौकटीत गावाचा नकाशा होता. शहराची उपनगरं आणि भोवतालची गावं यांच्या जुन्या नकाशांच्या नकला शहरातल्या एका दुकानाने छापून विकायला काढल्या होत्या. सदतीस गावांच्या सदतीस. हौशी लोक घेऊन दिवाणखान्यात लावत. कंपनीने जिथे शेत घेतलं त्या गावाचा लावला होता, शोभेला. मॅनेजर कौतुकाने सांगत होता, काय बारीक काम आहे बघा काका, झाडंसुद्धा काढलीत, असे लोक आता राहिले नाहीत. रेघोटे चष्मा वर-खाली करत जवळ गेले. उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या रेघेला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढी दोन अक्षरं होती. त्यांची स्वतःची. मोठं शेत होतं. पलीकडे मळा होता, मळ्यात विहिरीचा गोल होता. शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत मात्र नुसता पांढरा कागद होता.

"दाखवा, काका. कुठे आहे वाट?" मॅनेजर म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता.

रेघोट्यांनी रुमालाने मान पुसली. ही नक्कल आहे, मूळ नकाशा बघावा लागेल, असं काहीतरी म्हणाले आणि बाहेर पडले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? घरी आल्यावर आक्काने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, की मूळ नकाशा बघायला पाहिजे, छापताना काही राहिलं असेल. ती म्हणाली, "असेल. छापणाऱ्यांना काय कळतंय." त्यांनी मान हलवली आणि ताटावर बसले.

छापताना काही राहिलेलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं रेघोट्यांना पहिल्या नजरेतच सगळं आठवलं होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कचेरीने जुन्या नकाशांच्या नकला करायला घेतल्या. मूळ कागद शंभर वर्षांचे, मागून कापड चिकटवलेले, आठ घड्या घालून ठेवलेले. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर मूळ नकाशा, त्यावर मेणकापड, आणि त्यावर टाकाने रेघ. रेघ थरथरली की संपलं. घाम कापडावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधायचं, श्वास धरून ओढायचं आणि रेघ संपली की सोडायचा. तेव्हा रेघोटे बावीस वर्षांचे होते आणि हात असा होता की हेड ड्राफ्ट्समनसुद्धा मागे उभा राहून बघायचा.

एकदा मामाच्या गावाचं शीट आलं. त्या नकाशात देवळाच्या मागची विहीर नव्हती. रेघोट्यांनी लहानपणी सुट्टीत त्या विहिरीत उड्या मारल्या होत्या. राहिली असेल बिचाऱ्याकडून, म्हणून त्यांनी सरळ हाताने एक छोटा गोल काढून टाकला. संध्याकाळी हेडने भिंग लावलं आणि विचारलं की ही कुठून आली? साहेब, आहे तिथे, मी पाणी प्यायलोय तिचं. सगळी खोली हसली. हेड हसला नाही. त्याने ब्लेडने तो गोल खरवडला, मेणकापड उभं फाडलं आणि आठ दिवसांचं काम टोपलीत टाकलं. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दिसतं ते काढायचं. माहीत आहे ते घरी ठेवायचं." पुढे वर्षभर कुणाला तहान लागली की खोलीतलं कुणीतरी म्हणायचं, अरे, त्याला सांगा, मामाच्या विहिरीचं आणेल. रेघोट्यांनी कानाला खडा लावला.

आणि विहिरीच्या त्या प्रकरणानंतर सहा महिन्यांनीच स्वतःच्या गावाचं शीट आलं. त्याची एक घडी बरोबर मोठ्या शेतावरून गेलेली. शंभर वर्षं घालून-उलगडून तिथला कागद झिजला होता, मध्ये तर खालचं कापड दिसत होतं. घडीच्या दोन्ही टोकांना तीन-चार तुटक रेघा होत्या. पायवाट तशीच तुटक काढतात. पण मळसुद्धा घडीत तसाच बसतो, आणि कापडाचा धागाही तसाच दिसतो. रेघोट्यांनी भिंग लावून अर्धा तास बघितलं. डोळ्यांना नक्की काही दिसत नव्हतं. पायांना सगळं माहीत होतं, कारण त्याच सकाळी त्या वाटेने चालत ते बसला आले होते आणि चपलेला तिथली माती अजून ओली होती. हेडला विचारायला उठले. साहेब, इथे वाट आहे. तुला कसं माहीत? आत्ताच चालत आलो. मग ती सगळी खोली हसणार. ते परत बसले. टाक शाईत बुडवला आणि मळ्याची हद्द काढायला घेतली. शेत कोरं ठेवलं.

वाईट एवढंच नव्हतं. त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला होता. आपण आता पक्के झालो, घरचं घरी आणि कामाचं कामात ठेवायला शिकलो, असं वाटत ते त्याच वाटेने शीळ घालत घरी आले होते.

उन्हाळा चढत चालला होता. एक दिवस पाणी चुकलं तर मळा हातचा जाणार, आणि सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. दोनदा जाणं आक्काला शक्यच नव्हतं. तिचा उजवा गुडघा आधीच दुखरा होता. मग रेघोटे तिच्याबरोबर जायला लागले. जन्मात कधी त्यांनी हाताला माती लावली नव्हती. हात थरथरायला लागतात म्हणून पाण्याची बादलीसुद्धा ओढायचे नाहीत, तो नेम बायकोने चौतीस वर्षं सांभाळला होता. आता रहाटाच्या दोराने चार दिवसांत तळवे सोलले. दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन वाफ्यातून चालताना पाय रोपांवर पडायचा आणि आक्का खेकसायची, अरे, बघून! मग तिलाच हसू यायचं. पेन्शन घेणारा मजूर मिळालाय मला, असं रस्त्यात भेटेल त्याला सांगायची.

येताना पाटी कोण घेणार यावरून रोज वाद व्हायचा. पहिल्यांदा रेघोट्यांनी घेतली तेव्हा पुलावरच मान आखडली आणि काकड्या रस्त्यावर घरंगळल्या. मागून येणारा ट्रक थांबला, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, आणि दोघं भावंडं गुडघ्यांवर बसून काकड्या गोळा करत राहिली. तेव्हापासून अर्धा रस्ता तिने आणि अर्धा यांनी अशी वाटणी ठरली. डांबर इतकं तापायचं की चपलेच्या तळातून चटका लागायचा. आक्का पुलाच्या कठड्यावर टेकायची, गुडघा दोन्ही हातांनी दाबायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "थोडे दिवस. तू मूळ नकाशा आणलास की संपलं." हे ऐकलं की रेघोट्यांना पाटीचं ओझं बरं वाटायचं. ओझ्याखाली तोंड दिसत नाही.

एकदा मुळे उपटता उपटता ती म्हणाली की लोक म्हणतात, कंपनीपुढे कोण टिकणार, पण मी सांगते त्यांना, माझा भाऊ आहे. रेघोटे तेव्हा विहिरीशी होते. रहाट करकरत होता, त्यामुळे ऐकूच आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

शेवटी एका सोमवारी ते शहरात गेले. जुन्या कचेरीत आता सगळी नवी माणसं होती. पण रेकॉर्डच्या खोलीतल्या कारकुनाने नाव ऐकलं आणि तो धडपडत उठला. सर, तुम्ही? तुमचं नाव ऐकूनच आम्ही कामाला लागलो. त्याने दुसऱ्या दोघांना बोलावून आणलं, हे बघा, ते हे. रेघोट्यांनी मूळ नकाशा मागितला तेव्हा त्याचा चेहरा पडला. नऊ वर्षांमागे छत गळलं, तो सगळा गठ्ठा भिजून लगदा झाला आणि यादीतून बाद करून टाकला. "पण काळजी नाही सर," तो म्हणाला, "तुमची नक्कल आहे ना. आता तीच मूळ. चाळीस वर्षांत एका शीटवर हरकत आली नाही." त्याने चहा मागवला. रेघोट्यांना तो प्यावाच लागला.

बसमधून उतरल्यावर ते सवयीने मळ्याकडे वळले, बांधापर्यंत गेले आणि तारेपाशी उभे राहिले. आत एक मशीन सगळं शेत नांगरून सपाट करत होतं. धुळीत कुठला बांध आणि कुठली वाट काही कळत नव्हतं.

घरी त्यांची जुनी पत्र्याची पेटी होती. तिच्यात त्या शीटची एक जादा प्रत होती, सरावासाठी केलेली, त्याच मेणकापडावर. तो टाक होता आणि शाईची वडी होती. दुपारी आक्का मागच्या खोलीत पडली होती तेव्हा त्यांनी प्रत जमिनीवर उलगडली, बशीत शाई उगाळली आणि टाक बुडवला. आधी एका रद्दी कागदावर तुटक रेघ ओढून पाहिली. वाकडी गेली. परत ओढली. तिसऱ्यांदा रेघ साधली. बायको दारात कधी येऊन उभी राहिली ते त्यांना कळलं नाही.

तिला सांगावं लागलंच नाही. चाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याची पाठ बघून तिला कळायचं. ती खाली बसली, नकाशाकडे बघितलं, मोकळ्या जागेकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "राहिली होती होय तुमच्याकडून?"

"राहिली नव्हती. सोडली होती."

तिने शाईची बशी त्यांच्याजवळ सरकवली. मग म्हणाली, "एक रेघ तर आहे. ओढून टाका. आक्कांचा गुडघा बघवत नाही मला."

त्यांनी टाक कापडाला टेकवलासुद्धा. पण रेघ ओढवेना. प्रामाणिकपणा म्हणावा तर तसंही नव्हतं. एवढे प्रामाणिक असते तर पहिल्याच दिवशी बहिणीला सांगितलं असतं. त्यांना दिसत होता तो हेड, भिंग घेऊन मागे उभा असलेला, मरून पंधरा वर्षं झालेला. टेकवलेल्या टाकातून शाईचा एक ठिपका मात्र पडला, मोठ्या शेतात, अगदी मधोमध. त्यांनी टाक पुसून ठेवला आणि प्रत गुंडाळली. बायको उठली, नको तिथे रेघा ओढता आणि पाहिजे तिथे ओढत नाही, असं काहीतरी पुटपुटत आत गेली. त्या दिवशी त्यांनी एवढं मात्र ठरवलं की वाटेच्या पाहणीला सरकारी साहेब येईल त्याच्यापुढे खरं सांगायचं. आक्काला आधी सांगायला मात्र धीर झाला नाही.

आक्काने अर्ज दिला होता, त्यावर जागेची पाहणी लागली. सकाळी नऊला साहेब आला. जमिनीचा अधिकारी, पन्नाशीचा, घामाने सदरा पाठीला चिकटलेला, कंटाळलेला, पण माणूस सभ्य. बरोबर एक कारकून होता, त्याच्या हातात लिहायची फळी आणि कागद. मॅनेजरने फाटक उघडलं, सगळ्यांसाठी खुर्च्या मांडल्या आणि भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर आणून ठेवला. आक्काने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. खुर्ची दिली तरी ती बसली नाही. भावाच्या मागे उभी राहिली.

साहेबाने नकाशा बघितला, समोरचं शेत बघितलं. नांगरून, पाणी मारून, रोलर फिरवून अंगणासारखं केलेलं. नकाशावर वाट नाही, जमिनीवर वाट नाही, मग बाई, वाट आहे कशावरून म्हणता? आक्का म्हणाली, "माझा भाऊ सांगेल. नकाशा त्यानेच केलाय."

रेघोटे पुढे झाले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. कचेरीत हेडपुढे उभे राहायचे तसे उभे राहिले.

"साहेब, नकाशा माझा आहे आणि चुकीचा आहे. मूळ नकाशावर इथे वाट होती. घडीवर आली होती, पुसट होती. मला माहीत होती. मी काढली नाही."

मागे आक्काच्या बांगड्या वाजल्या. त्यांनी वळून बघितलं नाही. साहेबाने चष्मा काढला आणि विचारलं की मूळ कुठे आहे? भिजून गेला. आणखी कुणी पाहिलाय? हेडने पाहिला होता, तो राहिला नाही. मॅनेजर हसू आवरत म्हणाला, "काका, मग बाकीच्या छत्तीस गावांत काय काय सोडलंत?" सदतीसही नकाशे रेघोट्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

"साहेब, मी दाखवतो," ते म्हणाले आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत चालायला लागले. फाटकापासून सरळ साठ पावलं. इथे दगड होता, म्हणून वाट डावीकडे वळायची. ते वळले. पुढे चिंच होती, मुळं वर आलेली, तिथे पाय उचलून टाकावा लागायचा. सपाट जमिनीवर त्यांनी पाय उचलून टाकला. कारकून हसायला लागला, पण साहेबाने त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला आणि मागोमाग निघाला. मग हलका उतार, मग ओहोळाचा चर, तिथे लांब ढांग. उन्हात, उघड्या शेतात, एक म्हातारा माणूस नसलेले दगड चुकवत चालत होता. खाली बघायची त्यांना गरज लागली नाही. शेवटचं वळण घेऊन ते पलीकडच्या तारेशी थांबले. तारेच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बरोबर नाकासमोर, मळ्यात चढायची दगडाची पायरी होती. आक्काच्या पायांनी मध्ये झिजलेली.

साहेब त्या पायरीकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने घाम पुसला. रेघोट्यांना वाटलं, झालं.

"खोटं बोलत नाही तुम्ही, हे मला कळतंय," तो म्हणाला. "पण मला काय दिसतं ते लिहावं लागतं. तुम्हाला काय माहीत आहे ते नाही लिहिता येत."

रेघोटे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो हेडला ओळखतही नव्हता. हे वाक्य त्यांनी स्वतः निवृत्तीपर्यंत प्रत्येक नव्या पोराला शिकवलं होतं. बोट वर करून, मोठ्या तोऱ्यात.

परत पत्र्याच्या खोलीत आल्यावर कारकुनाने पंचनामा लिहिला. पाहणीत सदर जमिनीवर वाट दिसून आली नाही. अभिलेखातील नकाशावर वाट नाही. नकाशा करणाऱ्याचे तोंडी म्हणणे सोबत जोडले आहे. साहेबाने समजावून सांगितलं की वर अपील करता येईल, पण कागद लागेल. आणि आता हजर होतो म्हणून फक्त सह्या करायच्या. मॅनेजरने केली. आक्काने अंगठ्याला शाई लावून घेतली, उठवला, आणि बोट पदराला पुसलं.

मग पेन रेघोट्यांपुढे आलं. कागदावर शेताचा छोटा आराखडा काढला होता, चौकोन आणि त्यात काही नाही. त्याखाली सहीची जागा. त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं.

"कर सही," आक्का म्हणाली. "नीट कर. तुझी सही चालते."

त्यांनी सही केली. उजव्या कोपऱ्यात, बारीक, सवयीने जशी व्हायची तशी झाली.

मॅनेजरने आजीला आज इथूनच जाऊ द्या म्हणून माणसाला तार उचलायला सांगितलं. आक्का नको म्हणाली आणि फाटकातून रस्त्याला लागली. रेघोटे पाण्याचा डबा आणि पाटी घेऊन मागून निघाले. पुलापर्यंत ती एकदाही थांबली नाही. कठड्याशी तिला थांबावंच लागलं. गुडघा दाबत बसली. रेघोटे दोन हात अंतरावर उभे राहिले. बसावं की नाही ते त्यांना कळेना.

"कुठलं शीट आलं ते तू रोज सांगायचास," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी वाटेवर थांबून मला सांगितलंस, आक्का, आज आपलं गाव काढायला घेतोय. मी म्हटलं, माझा मळा नीट काढ. संध्याकाळी विचारलं, काढलास? तू म्हणालास, काढला."

"आक्का..."

"काढला होताच की. विहिरीसकट काढलास. आत जायला वाट तेवढी ठेवली नाहीस."

रेघोट्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी येऊ दिलं. आक्काने बघितलं आणि परत रस्त्याकडे बघितलं. एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. मग ती कठड्याला धरून उठली आणि हात पुढे केला. त्यांना वाटलं आधार मागतेय, म्हणून त्यांनी हात दिला. तिने तो बाजूला केला आणि पाटी घेतली.

अर्धा रस्ता त्यांचा होता. तसं ते म्हणालेसुद्धा. तिने चुंबळ नीट केली, रिकामी पाटी डोक्यावर ठेवली आणि मळ्याकडे चालायला लागली. रेघोटे तिच्यामागे पन्नास पावलांवर चालत राहिले. ती थांबली की थांबायचे, निघाली की निघायचे. मळ्यात पोचायला त्या दिवशी दोन तास लागले. पोचल्यावर तिने दोन झाऱ्या उचलल्या, एकही त्यांच्या हातात दिली नाही, आणि दोन्ही घेऊन विहिरीकडे गेली.